पाइपांना बांधलेला लाल टॉवेल

माझ्या रंगाऱ्यानं मला फसवलं. बाकीचं पुढं सांगतो, पण ही ओळ आधी लिहून ठेवतो. कारण घरात, कारखान्यात आणि पाहुण्यांत ही गोष्ट आता वेगळीच सांगितली जाते. पाऊस होता, यांनी गाडी जोरात मारली, व्हायचं ते झालं. पाऊस होता हे खरं आहे. गाडी जोरात होती हेही खरं आहे. पण कच्च्या रंगाचं सूत पक्कं म्हणून ज्यानं माझ्या गोदामात आणून टाकलं, तो माणूस या गोष्टीतून अलगद सुटतो, आणि ते मला सहन होत नाही.

सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. आठ माग. ते बापानं दिले नाहीत आणि सासऱ्यानंही दिले नाहीत. आधी दुसऱ्याच्या मागावर उभा राहिलो, मग सायकलवरून टॉवेलचे गठ्ठे वाहिले, मग एक जुना तीनचाकी टेम्पो घेतला. त्या काळात बायको घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. कड शिवून झाली की कोपऱ्यात ती हिरव्या दोऱ्याचे तीन टाके एकावर एक घालायची. कड उसवू नये म्हणून. तिथं एक बारीक गाठ तयार होते, डोळे मिटूनही बोटाला लागते. आता कड शिवायला कारखान्यात चार बाया आहेत, पण त्या तीन टाक्यांशिवाय आमचा टॉवेल बाहेर जात नाही. लोक कागदाची चिठ्ठी लावतात. आमची खूण ती गाठ.

टेम्पो घेतला तेव्हा मला गाडी नीट चालवता येत नव्हती. आमच्या गल्लीत एक म्हातारा ट्रकवाला होता, त्याला सगळे तात्या म्हणत. त्यानं मला शिकवलं. गिअर, क्लच सगळेच शिकवतात. तात्यानं पाऊस शिकवला. वळवाच्या पावसात तो मुद्दाम मला टेम्पो काढायला लावायचा आणि शेजारी बिडी चावत बसायचा. पेटवायचा नाही, नुसती चावायचा.

"काय दिसतंय?" तो विचारायचा.

"काहीच दिसत नाही, तात्या."

"मग काच कशाला पुसतोयस? पावसात रस्ता बघायचा न्हाय, लाल हुडकायचं. म्होरच्याचा दिवा म्हण, फडकं म्हण, कायबी. लाल दिसलं की पाय उचलायचा."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर आणिक उचलायचा. न्हाय दिसलं म्हंजे म्होरं कुनी न्हाय, आसं न्हाय गड्या. म्हंजे तुला दिसंना एवढंच."

यातलं पहिलं वाक्य मी आयुष्यभर लक्षात ठेवलं. दुसरं विसरलो. टेम्पो होता तोवर आठवत असावं. स्वतःची चारचाकी आली, काचा वर झाल्या, आत गार हवा सुरू झाली, आणि पाऊस हा बाहेरचा विषय झाला.

फडक्याचं जरा सांगायला हवं. गाडीतून माल बाहेर येत असेल, सळया, बांबू, पाइप, मागाचं बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लांब रूळ, काहीही, तर त्याच्या टोकाला लाल कापड बांधतात. गाडी रस्त्यात बंद पडली तरी मागं लाल काहीतरी लटकवतात. सगळीकडंच बांधतात. पण बाकीच्या गावांत फाटकी साडी असेल, प्लॅस्टिकची पिशवी असेल. आमच्याकडं टॉवेल. आमच्या गावात टॉवेल कुणाच्याही हाताशी असतोच, आणि तो अंगानं जड असल्यानं वाऱ्यात गुंडाळला जात नाही, सरळ लटकतो आणि लांबून दिसतो. हायवेच्या दुकानांत लाल टॉवेल पुढं टांगलेले असतात ते काही लोकांना लाल रंग आवडतो म्हणून नव्हे. ट्रकवाले घेतात. हे मला माहीत होतं. मी स्वतः माझ्या टेम्पोला वर्षानुवर्षं बांधला. पण सूत रंगवायला देताना ते माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त माल द्यायची तारीख होती.

मी घासाघीस करणारा माणूस आहे, ते लपवत नाही. भाजीवाली मला बघून आधीच भाव चढवून सांगते आणि मी आधीच उतरवून मागतो, दोघांनाही त्यात मजा येते. पण त्या खेपेला मी रंगाऱ्याच्या भावाला हात लावला नव्हता. मी त्याच्याकडं दिवस मागितला होता. सूत रंगात मुरवायला, मग उकळून, साबणानं धुऊन सैल रंग काढून टाकायला त्याला चार दिवस लागतात. मी म्हटलं, तीन दिवसांत दे. तो म्हणाला, होत नाही. मी म्हटलं, होतं. तासभर फोन चालला. शेवटी तो म्हणाला, "बरं, शेठ." सौदा जिंकल्यावर अंगात जी ऊब येते ती आली. तीन दिवसांनी सूत आलं. लालभडक. मी हातात घेऊन उजेडात धरलं. ओलं करून बघितलं नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, आणि ओलं करून बघितलं नाही.

त्या लाल टॉवेलांचे गठ्ठे निरनिराळ्या दुकानांत गेले. त्यातला एक टेंभुर्णीला, हायवेजवळच्या एका दुकानात.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही दोघं टेंभुर्णीला बारशाला गेलो होतो. बायकोच्या बहिणीच्या नातीचं बारसं. जेवण उशिरा झालं. निघताना आभाळ भरलं होतं. भाद्रपदातलं आभाळ, खाली उतरलेलं, उसाच्या शेंड्यांना टेकल्यासारखं. साडू म्हणाला, राहा. मी म्हटलं, सहाला बीम यायचंय. वाटेत पावसानं गाठलं. थेंब वगैरे नाही, एकदम पडदा. वायपर डावीकडं जाईपर्यंत उजवीकडची काच पांढरी व्हायची.

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी दिसली. चार ट्रक थांबलेले. ट्रकवाले कप हातात धरून पावसाकडं बघत होते.

"अहो, थांबू की जरा," बायको म्हणाली. "ट्रकवाले थांबलेत."

"त्यांना काय, पोचायला दोन दिवस आहेत. सहाला बीम येतंय."

"बीम काय परत जातंय का? टेकवून ठेवतील."

"मोहोळपर्यंत जाऊ. मोहोळला चहा घेऊ."

"मोहोळ आलं की म्हणाल सोलापूर." ती हसली आणि पदर डोक्यावरून घेतला. "आता पावसाशीपण भाव करा."

केला. मी खरंच मनात भाव करत होतो. ऐंशीच्या जागी साठनं जाऊ. साठनं जातोय, म्हणजे मी सावध आहे. पावसाला तो आकडा मान्य आहे की नाही हे मी विचारलं नाही. पुढं ज्या गाडीचे लाल दिवे मी धरून चाललो होतो ती गाडी उड्डाणपुलाखालच्या वाटेनं डावीकडं उतरून गेली आणि माझ्यासमोर काहीच लाल उरलं नाही. तात्या असता तर म्हणाला असता, पाय उचल. मी उलट मोकळा रस्ता मिळाला म्हणून पाय दाबला. हे सगळं मी आता लिहितोय तसं त्या वेळी दिसलं नव्हतं. त्या वेळी फक्त बरं वाटलं होतं.

मोहोळच्या अलीकडं एक ट्रॅक्टर डाव्या कडेला उभा होता. त्याची ट्रॉली थोडी डांबरावर, थोडी मातीवर. ट्रॉलीत शेताला पाणी न्यायचे राखाडी पाइप, लांबच्या लांब, मागं हात-दीड हात बाहेर आलेले. वर राखाडी आभाळ, खाली राखाडी रस्ता, मध्ये राखाडी पाइप. मला ते दिसले तेव्हा ते काचेच्या इतके जवळ होते की मी त्यांची तोंडं बघितली. गोल, काळी. ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही, पाण्यावरून सरकत गेली. मी उजवीकडं ओढली. माझी बाजू वाचली. पाइप डाव्या काचेतून आत आला आणि बायकोच्या कानाजवळून सीटमध्ये घुसला. तिनं तोंडापुढं हात धरला होता. उजवा.

क्षणभर पावसाचाच आवाज होता. मग ती म्हणाली, "मी आहे." एवढंच. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

मी खाली उतरलो आणि ओरडायला लागलो. रागीट माणसाला भीती वाटली की तो असाच भितो. ट्रॅक्टरवाला धावत आला. पन्नाशीचा, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"डोळे फुटले का तुझे? रस्त्यात ट्रॅक्टर उभा करतोस?"

"म्होरचं दिसंना, मालक. म्हनून कडंला घेतला. ताई कशा हायती?"

"आणि मागं लाल बांधायला काय झालं होतं? माणसं मारायला निघालास?"

"बांधलंय की!" तो म्हणाला. "आज सकाळी नवा घेऊन बांधलाय. ह्यो बगा."

त्यानं पाइपाच्या टोकाचं फडकं हातात धरून दाखवलं. मी बघितलं. चिखलाचे शिंतोडे उडालेलं, ओलं, धुतलेल्या विटेसारखं फिकट काहीतरी.

"हे लाल आहे? आं? हे लाल आहे?"

तो त्या फडक्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. "सकाळी हुतं," तो म्हणाला. "देवाशपथ, सकाळी लाल हुतं."

गर्दी झाली. टपरीवर थांबलेल्या ट्रकांपैकी एक तोवर मागून आला होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरला. पोलीसही आले. मी तेच मोठ्यानं सांगत राहिलो, लाल कापड लावलेलं नव्हतं, लाल कापड लावलेलं नव्हतं. हवालदारानं वहीत लिहून घेतलं. मी वाचलं, सही केली. ट्रॅक्टर चौकीत न्यायचं ठरलं. ट्रॅक्टरवाल्यानं फक्त एवढं विचारलं, किती दिवस ठेवणार. पाइप त्याच दिवशी शेतात पोचवायचे होते, दुसऱ्या दिवशी पाइप जोडणारा माणूस येणार होता. त्याच्या वाक्यातलं हे मला ऐकू आलं, पण मी ऐकलं नाही.

बायकोच्या मनगटातून रक्त येत होतं. कुणाजवळ काही नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं पाइपावरचा टॉवेल सोडला, पिळला, आणि तिच्या हाताला घट्ट गुंडाळला. "वंगाळ हाय ताई, पन दाबून धरा." एका पिकअपवाल्यानं आम्हाला सोलापूरला आणलं. माझी गाडी तिथंच राहिली.

दवाखान्यात सिस्टरनं टॉवेल सोडला आणि घाबरली. आतला पदर दुमडीत पावसापासून वाचला होता, तो अजून लाल होता, आणि त्यातून लाल पाणी ठिबकत होतं. तिनं हात स्टीलच्या भांड्यावर धरून सलाइनच्या पाण्यानं धुवायला सुरुवात केली. पाणी लाल. पुन्हा धुतलं, पुन्हा लाल.

"डॉक्टर, रक्त थांबंना झालंय," ती ओरडली.

डॉक्टर धावत आले, दंडाला पट्टा आवळला, बोटं दाबून बघितली. मी भिंतीला टेकलो. तेव्हा बायको, मनगट मोडलेलं, केसांत काचा अडकलेल्या, शांतपणे म्हणाली, "ते रक्त नाही हो. रंग आहे."

डॉक्टरनं भांड्यात बोट बुडवून उजेडात धरलं. जखम दोन टाक्यांची होती. हाड मात्र मोडलं होतं.

सिस्टर टॉवेल कचऱ्यात टाकायला निघाली. बायकोनं डावा हात पुढं केला. "द्या इकडं." तिनं टॉवेल मांडीवर घेतला, चार बोटांनी कड चाचपत गेली आणि कोपऱ्यापाशी थांबली. बराच वेळ तिचं बोट तिथंच होतं. मग तिनं टॉवेल माझ्याकडं दिला. मी बघितलं नाही. बोटानंच कळलं.

प्लास्टर घालून झालं. मग ती म्हणाली, "त्या माणसाबद्दल काय लिहून दिलंत?"

"लाल कापड लावलेलं नव्हतं म्हणून."

"होतं."

"मला दिसलं नाही."

"मग तसं लिहा. होतं, पण दिसलं नाही. आणि का दिसलं नाही, तेपण लिहा."

"म्हणजे सगळं माझ्यावर घेऊ?"

"सगळं कशाला घेताय? तुमचं तेवढं घ्या," ती म्हणाली. "सौद्यात तुम्ही कधी दुसऱ्याचं घेता का?"

मी आधी चौकीत गेलो नाही. रात्रभर विझला नव्हता तो राग घेऊन सकाळी सातला रंगाऱ्याच्या दारात उभा राहिलो. त्याचा बाप, त्याचा आजा रंगारी. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. अंगणात रंगवलेलं सूत बांबूंवर वाळत होतं. मी टॉवेल त्याच्यासमोर टाकला.

"किती दिवस मुरवलंस?"

त्यानं टॉवेल उचलला, नाकाजवळ नेला. रंगारी वासावरून ओळखतात. "तुम्ही सांगितले तेवढे, शेठ."

"मी दिवस कमी करायला सांगितलं. रंग बदलायला नाही."

"अय्यो शेठ, दिवस कमी केला की तो रंग चालतच नाही. लवकर चढणारा घालावा लागतो. तो सुतात मुरत नाही, वर बसतो. पाणी आलं की उठून जातो."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं की फोनवर. तुम्ही म्हणालात, दुकानात लाल दिसला पाहिजे, बाकीचं पुराण मला सांगू नको."

असं मी म्हणालो का, मला आठवत नाही. म्हणालो असेन. माझ्या तोंडून असं वाक्य निघू शकतं, हे मला माहीत आहे. पण तो ते वाक्य इतकं चटकन बोलला, जणू घडी घालून ठेवलं होतं, लागलं तर काढायला. त्याचाच मला संशय आला.

"पावतीवर पक्का रंग लिहिलंस," मी म्हटलं.

"पावतीवर कायम तेच लिहितो." मग तो जरा हसून म्हणाला, "आणि शेठ, टॉवेल अंग पुसायला असतो. गाडीला बांधा असं मी कुठं म्हणालो?"

त्या क्षणी माझी नजर त्याच्या मागं गेली. अंगणात त्याचा टेम्पो उभा होता. सूत वाळवायचे बांबू त्यातून बाहेर आलेले, आणि बांबूंच्या टोकाला लाल टॉवेल. कालच्या पावसानं चिंब. त्याच्याखाली फरशीवर साचलेलं पाणी स्वच्छ होतं. मी जवळ गेलो आणि टॉवेलाचा कोपरा पिळला. माझ्या हातावर पाण्याशिवाय काही आलं नाही.

"हा कधीचा?" मी विचारलं.

"असेल दोन पावसाळे."

"हा कुणाच्या सुताचा?"

त्यानं आपल्या बायकोला हाक मारली, शेठना चहा आण म्हणाला. मी चहा न घेता निघालो. इतक्या वर्षांत त्याच्याकडचा चहा पहिल्यांदा नाकारला.

तिथून चौकीत गेलो. ट्रॅक्टर अंगणात उभा होता, पाइप तसेच. ट्रॅक्टरवाला पायरीवर बसला होता. आदल्या दिवशीच्याच कपड्यांत. मला बघून उभा राहिला आणि भांडायच्या तयारीत हात मागं घेतले. मग विचारलं, "ताईंचा हात?"

"मोडलाय. बसेल."

हवालदाराला मी म्हटलं, मला आधीचा जबाब बदलायचा आहे. तो म्हणाला, "बसा." मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. ट्रॅक्टर कडेला घेतलेला होता. मागं लाल टॉवेल बांधलेला होता. टॉवेल माझ्या कारखान्याचा होता. त्याचा रंग पावसात गेला. समोरचं दिसत नसताना माझी गाडी साठच्या वर होती. इथं हवालदारानं पेन थांबवलं.

"शेठ, हे तुमच्यावर येतंय."

"लिहा."

"वकिलाला विचारलं का?"

"बायकोला विचारलं."

तो हसला आणि पुढं लिहायला लागला. ट्रॅक्टरवाला दारात उभा राहून सगळं ऐकत होता. मी बाहेर आलो तेव्हा तो मागोमाग पायरीवर आला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या, निदान तसं वाटतंय.

"घरात जुनं लाल धडुतं हुतं," तो म्हणाला. "बायकू म्हनली त्येच बांदा. मी म्हनलं न्हाय, पाऊस हाय, नवा घिऊ, लांबनं दिसंल."

"नवा देतो तुम्हाला," मी म्हटलं. "दोन देतो."

"तुमच्याच कारखान्याचा?"

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या की, मालक," तो म्हणाला. "लई झालं एकच."

पायरीवरचे दोघं-तिघं हसले. मीही हसलो असतो, पण जमलं नाही. ट्रॅक्टर त्या दिवशी संध्याकाळी सुटला. माझं जे व्हायचं ते कागदोपत्री चाललं आहे, त्याची तक्रार नाही.

दोन दिवसांनी टेंभुर्णीच्या दुकानात फोन केला. त्या लाल टॉवेलांचा गठ्ठा परत पाठवा म्हटलं.

"लाल?" दुकानदार म्हणाला. "लाल कवाच संपले की. ट्रकवाले घिऊन गेले. आणिक पाठवा, पाऊस हाय, लई मागनी हाय."

बाकीच्या दुकानांतून काही परत आले, ते मी कारखान्यात फाडून यंत्रं पुसायला ठेवले. यंत्रं पुसून बायांचे हात लाल होतात. पण जे विकले गेले ते कुठल्या टँकरमागं, कुठल्या सळयांच्या टोकाला, कुठल्या बंद पडलेल्या ट्रकच्या पाठीवर लटकताहेत हे मला कळायला मार्ग नाही. ज्यानं बांधला असेल त्याला वाटत असेल, मी माझं काम केलं, आता मागच्याला मी दिसतो. तो निवांत असेल.

आता मी पावसात गाडी चालवत नाही असं नाही. चालवावी लागते. पण टपरी दिसली की थांबतो, बायकोनं सांगायच्या आधी. निघालोच तर तात्याचं दुसरं वाक्य घोकत निघतो. पुढं लाल दिसलं तर पाय उचलतो आणि जवळ जाऊन बघतो, माझं आहे का. दिसलं नाही तर आणखी उचलतो. मागचे हॉर्न वाजवतात. एकानं परवा खिडकीतून ओरडून विचारलं, "काका, बैलगाडी हाय का ही?" एरवी मी त्याला अडवून उत्तर दिलं असतं. जाऊ दिलं.

बायकोचं प्लास्टर निघालं आहे. मनगट पूर्ण वळत नाही. सुई धरता येते, पण तीन टाके एकावर एक घालताना तिसऱ्याला हात थरथरतो. ती म्हणते, सरावानं येईल.

लोक मला म्हणतात, दुसरा रंगारी बघ आणि सोडून दे. रंगारी मी बदलला आहे. आता सूत आलं की आधी बादलीत बुडवतो आणि मग गोदामात घेतो. पण सोडून देत नाही. रंगाऱ्याच्या चार दिवसांतला एक दिवस मी काढून घेतला, ते मी चौकीत लिहून दिलं नाही, कारण हवालदाराला त्यातलं काही कळलं नसतं. म्हणून इथं लिहितो. सूत ओलं करून बघितलं नाही, तेही माझं. साठच्या वर गाडी चालवली, तेही माझं. माझ्या वाटणीचं सगळं मी उचललं आहे, आणि मी दुसऱ्याचं कधी उचलत नाही.

आता अण्णा, तुझं. टॉवेल अंग पुसायला असतो म्हणालास. मग तुझ्या टेम्पोला जो बांधलास तो किती दिवस मुरवला होतास? तीन, की चार? पाऊस आला की मागच्याला काय दिसलं पाहिजे हे तुला माहीत होतं. स्वतःच्या पाठीला पक्का लावलास आणि माझ्या गठ्ठ्यात कच्चा घातलास. चहा पुढं करू नकोस. मोहोळच्या अलीकडं मी तुला ती जागा दाखवतो. तिथं उभा राहा आणि सांग.